महागड्या घड्याळात कोणते क्वार्ट्झ मशीन आहे, हेही छापावे

मा. संपादक,
स. न. वि. वि.

आपल्या रविवार पुरवणीत उंची घड्याळांविषयी जो विस्तृत लेख प्रसिद्ध झाला, त्यात क्वार्ट्झ, म्हणजे स्फटिकाच्या कंपनांवर वेळ राखणाऱ्या, घड्याळांची बोळवण अवघ्या दोन वाक्यांत केलेली आहे. महागड्या घड्याळात सेलवर चालणारे मशीन बसवणे ही ग्राहकाची फसवणूक आहे, असे पहिले वाक्य म्हणते. आणि येत्या दहा-बारा वर्षांत नामवंत कंपन्या क्वार्ट्झला कायमचा रामराम ठोकतील, असे भाकीत दुसरे वाक्य करते. मी घड्याळदुरुस्तीच्या व्यवसायात आहे. चावीची, ऑटोमॅटिक (हाताच्या हालचालीने आपोआप चावी बसणारी) आणि सेलची अशी तिन्ही प्रकारची घड्याळे रोज माझ्या भिंगाखालून जातात आणि त्यांपैकी कोणत्याही प्रकाराशी माझे वैर नाही. तरीही ही वाक्ये वाचून मला राहवले नाही, कारण अशा मतांचा परिणाम मला कामाच्या टेबलावर दिसतो. घरातल्या वडीलधाऱ्यांचे चांगले क्वार्ट्झ घड्याळ हाती आलेली माणसे ते ‘नुसते सेलचे आहे’ म्हणून कपाटात टाकून देतात, वर्षा-दोन वर्षांत आतला सेल लीक होतो आणि ज्या यंत्राने आणखी तीस वर्षे बिनबोभाट काम केले असते, ते पांढऱ्या-हिरव्या क्षारांखाली सडून जाते.

क्वार्ट्झचे तत्त्व थोडक्यात सांगतो. क्वार्ट्झसारख्या काही स्फटिकांवर दाब दिला की त्यांच्यावर विद्युतभार निर्माण होतो, हे प्येर आणि जाक या क्युरी बंधूंनी १८८० साली दाखवून दिले. याच्या उलटही घडते, म्हणजे स्फटिकाला वीज दिली की तो ठरावीक गतीने कंप पावू लागतो. या गुणाचा उपयोग करून वॉरेन मॅरिसन आणि जे. डब्ल्यू. हॉर्टन यांनी १९२७ साली बेल टेलिफोन प्रयोगशाळेत पहिले क्वार्ट्झ घड्याळ तयार केले. आजच्या बहुतेक मनगटी घड्याळांतला स्फटिक चिमट्यासारख्या दोन दांड्यांचा असतो आणि सेकंदाला ३२,७६८ वेळा कंप पावतो. या आकड्याला पंधरा वेळा दोनाने भागत गेले की एक उरतो, आणि तोच एक ठोका छोट्या मोटरला मिळून सेकंदकाटा एक घर पुढे सरकतो.

आता ‘फसवणूक’ या शब्दाकडे येतो. क्वार्ट्झ हे मुळात स्वस्त घड्याळांचे यंत्र होते आणि ते नंतर महागड्या घड्याळांत घुसवले गेले, अशी समजूत त्या शब्दामागे आहे. इतिहास नेमका उलटा आहे. सेइकोचे ‘क्वार्ट्झ ॲस्ट्रॉन’ २५ डिसेंबर १९६९ रोजी टोकियोत विक्रीला आले, ते अठरा कॅरेट सोन्याच्या केसमध्ये, म्हणजे बाहेरच्या कवचात, आणि ४,५०,००० येन किमतीला. महिन्याला पाच सेकंदांपेक्षा अधिक फरक पडणार नाही, असा दावा असलेले ते यंत्र त्या काळी चैनीची परिसीमा होते. स्वित्झर्लंडमध्येही तेच झाले. तिथल्या कंपन्यांनी मिळून १९६२ मध्ये नॉयशातेल येथे इलेक्ट्रॉनिक घड्याळांसाठी एक संशोधन केंद्र उभारले, आणि त्याच केंद्रातून निघालेले ‘बीटा २१’ हे मशीन १९७० मध्ये बाजारात आले. ते वापरणाऱ्यांच्या यादीत पाटेक फिलिप, रोलेक्स, ओमेगा, आयडब्ल्यूसी आणि पियाजे ही नावे होती. त्या मशीनचा सेकंदकाटा आजच्या क्वार्ट्झसारखा उड्या मारत नसे, तो तबकडीवरून संथपणे सरकत जाई. सेकंदकाटा टिकटिक उडी मारतो म्हणजे घड्याळ हलके, असे मानणाऱ्यांनी एवढे तरी लक्षात घ्यावे.

त्यानंतरची पाच-सहा वर्षे माझ्या मते घड्याळांच्या इतिहासातली सर्वांत उमेदीची वर्षे होती. ओमेगाने १९७४ मध्ये सेकंदाला तेवीस लाखांहून अधिक कंपने असलेला स्फटिक मनगटी घड्याळात बसवला आणि वर्षाला बारा सेकंदांची अचूकता साधली. बोटीवर पेटीत ठेवायच्या मरीन क्रोनोमीटर या अतिअचूक घड्याळाचे काम मनगटावर आले. पुढच्याच वर्षी सिटिझनने एक्केचाळीस लाखांहून अधिक कंपनांचा स्फटिक वापरून हा फरक वर्षाला तीन सेकंदांवर आणला. रोलेक्सने बीटा २१ वर न थांबता स्वतःचे मशीन घडवले आणि १९७७ मध्ये ‘ऑयस्टरक्वार्ट्झ’ बाजारात आणले. त्याचा मागचा भाग उघडला की आत अकरा माणकांचे (घर्षण कमी करणाऱ्या खड्यांचे), सुबक पट्ट्यांची घासाई केलेले मशीन दिसते, आणि मोटरचा झटका चावीच्या घड्याळातल्यासारख्या पॅलेट नावाच्या लहान तरफेमार्फत चक्राला दिला जात असल्याने त्याचा ठोकाही खणखणीत ऐकू येतो. ज्यांनी ते मशीन डोळ्यांनी पाहिले आहे, त्यांच्यापैकी कोणी त्याला स्वस्तातली तडजोड म्हणेल असे मला वाटत नाही.

मग नाव खाली कसे आले? एकीकडे स्फटिक, सर्किट आणि मोटर प्रचंड संख्येने बनू लागल्याने किमती कोसळल्या, आणि दुसरीकडे स्वित्झर्लंडच्या घड्याळ उद्योगाची वाताहत झाली. १९७० च्या सुमारास सुमारे नव्वद हजार लोकांना रोजगार देणारा तो उद्योग १९८० च्या दशकाच्या मध्यापर्यंत जेमतेम एक तृतीयांशावर आला. या काळातली एक गोष्ट मला नेहमी अस्वस्थ करते. १९७९ मध्ये ‘कॉनकॉर्ड डेलिरियम’ नावाचे दोन मिलिमीटरपेक्षाही कमी जाडीचे सोन्याचे क्वार्ट्झ घड्याळ निघाले. एवढे पातळ करता यावे म्हणून त्यात केसचे मागचे झाकण हीच मशीनची मुख्य प्लेट केली होती. हीच युक्ती पुढे १९८३ च्या स्वॉचमध्ये वापरली गेली. प्लास्टिकची केस, फक्त ५१ भाग आणि न उघडणारे शरीर, असे ते घड्याळ होते. स्वॉचने उद्योग तारला, हे मी मनापासून मान्य करतो. पण उंची घड्याळातले कौशल्य न उघडणाऱ्या घड्याळात गेले आणि त्यासोबत ‘क्वार्ट्झ म्हणजे बंद पडले की टाकून द्यायचे’ ही सवय मात्र उलट वाटेने उंची घड्याळांत येऊन बसली. माझी खरी तक्रार या सवयीविषयी आहे, आणि तिच्याकडे पुढे येतोच.

त्याआधी चांगले क्वार्ट्झ मशीन आणि साधे क्वार्ट्झ मशीन यांत फरक काय, हे नीट सांगायला हवे, कारण आपल्या लेखाने सगळ्यांना एकाच मापाने मोजले आहे. साध्या ३२,७६८ कंपनांच्या स्फटिकाची चाल २५ अंश सेल्सियसच्या आसपास सर्वांत चांगली असते. तापमान त्याहून वाढले काय किंवा उतरले काय, दोन्ही वेळा घड्याळ मागे पडते. हा फरक तापमानातील अंतराच्या वर्गाच्या प्रमाणात वाढत असल्यामुळे थंडीत खणात ठेवलेले घड्याळ मनगटावरच्या घड्याळापेक्षा चांगलेच मागे राहते. दुसरी अडचण वयाची आहे, कारण नवा स्फटिक सुरुवातीच्या काळात आपली चाल हळूहळू बदलत असतो. तिसरी अडचण जोराची. सेलवरची मोटर नाजूक असते, म्हणून साध्या क्वार्ट्झला हलके, पातळ काटे द्यावे लागतात. शिवाय दातेदार चक्रांत थोडी मोकळीक असल्यामुळे सेकंदकाटा घरावर पोचल्यावर किंचित थरथरतो.

या प्रत्येक अडचणीवर उत्तर आहे आणि ते उत्तर घडवायला कष्ट आणि पैसा लागतो. ग्रँड सेइकोचे १९९३ पासूनचे ९एफ श्रेणीचे मशीन त्याचे उत्तम उदाहरण आहे. त्यासाठीचे स्फटिक आधी तीन महिने मुरवतात आणि मगच त्यांतले निवडून घेतात. बसवलेल्या घड्याळात तापमान दिवसाला ५४० वेळा मोजून त्यानुसार चाल दुरुस्त केली जाते. एका सेकंदाला मोटरला एकाऐवजी दोन झटके देऊन जाड, वजनदार काटे फिरवले जातात. थरथर घालवण्यासाठी सेकंदचक्राला एक केसासारखी बारीक स्प्रिंग जोडलेली असते, आणि त्यामुळे काटा खुणेवर येतो तो थेट थांबतोच. दहापट मोठे दाखवणाऱ्या भिंगातून मी हे पाहिले आहे. काट्याचे टोक खुणेच्या मधोमध येते आणि पुढच्या क्षणापर्यंत तसूभरही हलत नाही. एवढे करून वर्षाला दहा सेकंदांची हमी मिळते. या मशीनची जोडणी हाताने होते, त्यात तेल असते, ते उघडून साफ करता येते आणि चाल पुढेमागे करायची सोयही आत दिलेली आहे. स्वित्झर्लंडच्या क्रोनोमीटर तपासणी संस्थेची अट चावीच्या घड्याळासाठी दिवसाला उणे चार ते अधिक सहा सेकंदांची आहे, तर क्वार्ट्झसाठी २३ अंशांवर दिवसाला ०.०७ सेकंदाची. ती पार करायलाही कसब लागते, आणि त्या कसबाला फसवणूक म्हणणे अन्यायाचे आहे.

आपल्या लेखकाचा राग मात्र सर्वस्वी निराधार नाही, हेही प्रामाणिकपणे लिहिले पाहिजे. सोन्याची केस आणि मोठे नाव असलेल्या काही घड्याळांच्या आत तेच साधे, बाजारात सर्रास मिळणारे मशीन असते जे त्याच्या कित्येक पटींनी स्वस्त घड्याळातही असते. तापमानाची दुरुस्ती नाही, वेगळी घासाई नाही, आणि माहितीपत्रकात फक्त ‘क्वार्ट्झ’ एवढा एकच शब्द. अशा वेळी नाव मोठे आणि लक्षण खोटे, हे म्हणणे रास्तच आहे. पण तिथे दोष मशीन कोणते ते लपवणाऱ्याचा आहे. चावीच्या घड्याळाबाबत हीच कंपनी मशीनचा क्रमांक, माणकांची संख्या, कंपनांची गती आणि चावी किती तास पुरते हे सगळे ओळीने छापते, आणि क्वार्ट्झची वेळ आली की मौन धरते.

या मौनाचा सर्वाधिक फटका स्त्रियांच्या घड्याळांना बसतो. लहान केसमध्ये चांगले ऑटोमॅटिक मशीन बसवणे कठीण असते, रोज एकच घड्याळ घालण्याची सवय प्रत्येकीला नसते, आणि आठवड्याने हातात घेतलेले घड्याळ बरोबर वेळ दाखवत असावे ही अपेक्षा अत्यंत वाजवी आहे. म्हणूनच शनेलचे १९८७ चे ‘प्रीमिएर’ किंवा पाटेक फिलिपचे १९९९ चे ‘ट्वेंटी-फोर’ क्वार्ट्झवर निघाले. बायकांना यंत्रातले काय कळते, असा सूर लावून या घड्याळांकडे नाक मुरडणारे लोक मी पाहिले आहेत. त्यांना उत्तर म्हणून एफ. पी. जुर्न यांचे २०१४ चे ‘एलेगांत’ पुरेसे आहे. हे घड्याळ काढून ठेवले की सुमारे अर्ध्या तासाने त्याचे काटे थांबतात, आतले सर्किट मात्र वेळ मोजत राहते, आणि घड्याळ पुन्हा हातात घेताच काटे जवळच्या वाटेने फिरून अचूक वेळेवर येऊन थांबतात. त्यामुळे सेल कितीतरी अधिक वर्षे टिकतो. चावीच्या घड्याळांसाठी जगभर नावाजलेल्या कारागिराने स्त्रियांसाठी घड्याळ करताना खास क्वार्ट्झ मशीन घडवायला घेतले, यातच त्या यंत्राचा मान दिसतो.

आता माझ्या तक्रारीचा विषय. काही काळापूर्वी एका बाई त्यांच्या आईचे सोन्याचे क्वार्ट्झ घड्याळ घेऊन आल्या. नवा सेल घालूनही काटे हलत नव्हते. मीटर लावून पाहिले तर सेलचा दाब नीट १.५५ व्होल्ट होता, स्फटिकही कंप पावत होता, पण मोटरची कॉइल तुटलेली होती. कधीतरी सेल बदलताना कोणाचा तरी स्क्रू-ड्रायव्हर घसरला असावा, कारण केसापेक्षा बारीक तारेवर एक चकाकणारा ओरखडा भिंगातून स्पष्ट दिसत होता. बाकी मशीन निरोगी होते. मी त्या कंपनीच्या सेवा केंद्राकडे फक्त कॉइलची मागणी केली. उत्तर आले की सुटे भाग बाहेरच्या कारागिराला दिले जात नाहीत, घड्याळ आमच्याकडे पाठवा, आम्ही संपूर्ण मशीन बदलू आणि जुने मशीन परत मिळणार नाही. त्यासाठी सांगितलेल्या रकमेत एक बरे नवे घड्याळ आले असते. तांब्याच्या तारेच्या एका बारीक गुंडाळ्यासाठी आईच्या घड्याळाचे काळीज काढून फेकायचे, हे त्या बाईंना पटले नाही आणि मलाही पटले नाही. दोन महिने शोधल्यावर त्याच क्रमांकाचे एक मोडके मशीन मला मिळाले, त्यातली कॉइल मी बसवली, चक्रे साफ करून तेल दिले, आणि ते घड्याळ आजही चालू आहे. हीच कंपनी आपली चावीची घड्याळे पिढ्यान्‌पिढ्या दुरुस्त होतात असे अभिमानाने सांगते. क्वार्ट्झलाच ही सावत्र वागणूक का?

याच अनुषंगाने एक व्यावहारिक गोष्ट सांगतो. सेलच्या घड्याळाला सर्व्हिसिंग लागत नाही, हा समज चुकीचा आहे. तेल सुकले की चक्रे जड होतात, काही मशीनमध्ये मोटर जास्त वीज ओढू लागते आणि सेल लवकर उतरू लागतो. सेल पूर्वीपेक्षा लवकर संपू लागला, तर मशीन साफ करून मागते आहे असे समजावे. संपलेला सेल मात्र एक महिनाही आत ठेवू नये.

क्वार्ट्झ पूर्णपणे नाहीसे होईल का, याविषयी आता माझा अंदाज लिहितो. तो अंदाजच आहे, परंतु बाजारातल्या घडामोडी पाहून बांधलेला आहे. माझ्या मते नाहीसा होईल तो मधला थर, म्हणजे मोठ्या नावाच्या केसमधले साधे मशीन. अचूक वेळ आज फोनमध्ये आणि स्मार्टवॉचमध्ये फुकट मिळते, त्यामुळे महिन्याला पंधरा सेकंदांची चूक करणाऱ्या आणि आत पाहण्यासारखे काही नसलेल्या यंत्रासाठी जादा रक्कम मोजायला ग्राहक दिवसेंदिवस नाखूश होईल. वरचा थर मात्र टिकेल आणि त्याची वाट प्रकाशातून जाईल असे दिसते. कार्टिएने २०२१ मध्ये ‘टँक मस्ट’ या घड्याळाला प्रकाशावर चालणारे मशीन दिले, ते तबकडीवरच्या रोमन अंकांना सूक्ष्म छिद्रे पाडून. बाहेरून घड्याळ जुन्या टँकसारखेच दिसते, आणि आतला संच सोळा वर्षे चालावा असा हिशेब आहे. टॅग होयरनेही पाठोपाठ प्रकाशावरची घड्याळे आणली. सेल बदलण्यासाठी झाकण दर दोन-तीन वर्षांनी उघडण्याची गरज संपली, तर वर सांगितलेले घसरलेले स्क्रू-ड्रायव्हर आणि लीक झालेले सेल या दोन्ही संकटांतून या यंत्राची सुटका होईल.

अचूकतेची शर्यतही संपलेली नाही. सिटिझनने २०१९ मध्ये ०१०० हे मशीन मनगटी घड्याळात आणले. त्याचा स्फटिक सेकंदाला ८३,८८,६०८ वेळा कंप पावतो, ते प्रकाशावर चालते आणि वर्षाला फक्त एका सेकंदाचा फरक मान्य करते. दुसऱ्या बाजूला सेइकोचे १९९९ पासूनचे ‘स्प्रिंग ड्राइव्ह’ आहे, ज्यात सेल नसून चावीची स्प्रिंगच काटे फिरवते आणि स्फटिक फक्त वेगावर लगाम ठेवतो. त्याच जातीचे २०२५ मधले ग्रँड सेइको वर्षाला वीस सेकंदांपर्यंत पोचले आहे. त्यात स्प्रिंग आहे म्हणून ते उंची आणि त्यात स्फटिक आहे म्हणून ते हलके, यांपैकी कोणता निकाल आपले लेखक देतील, हे जाणून घ्यायला मला आवडेल. मला तर येत्या काळात अशाच मिश्र यंत्रांची संख्या वाढेल असे वाटते. स्विस कंपन्या मात्र आपल्या उत्तम क्वार्ट्झविषयी मोठ्याने बोलतील का, याबद्दल मी साशंक आहे. गेली चाळीस वर्षे त्यांनी चावीच्या घड्याळाभोवती जी प्रतिष्ठा उभी केली आहे, तिलाच त्यामुळे धक्का लागण्याची भीती त्यांना वाटत असावी.

हा अंदाज खरा ठरायचा असेल तर सुटे भाग मिळाले पाहिजेत. सर्किट हा या यंत्राचा सर्वांत अशक्त दुवा आहे. चावीच्या घड्याळातले मोडलेले चक्र कसबी कारागीर नव्याने घडवू शकतो, पण जळालेले सर्किट माझ्यासारख्याला घडवता येत नाही. म्हणून सर्किट आणि कॉइल किमान तीस वर्षे उपलब्ध ठेवण्याचे लेखी वचन ज्या कंपनीकडून मिळेल, तिचेच क्वार्ट्झ घड्याळ मोठी रक्कम देऊन घ्यावे, असा सल्ला मी विचारणाऱ्या प्रत्येकाला देतो.

आपल्या वृत्तपत्राला माझी एक विनंती आहे. पुरवणीत घड्याळाचे छायाचित्र, केसचा धातू आणि किंमत छापली जाते, त्याच ओळीत मशीनचा क्रमांक, वर्षाला किती सेकंदांचा फरक पडतो, तापमानाची दुरुस्ती आहे की नाही आणि सुटे भाग बाहेरच्या कारागिराला मिळतात की नाही, एवढे चार तपशील कंपनीला विचारून छापावेत. कंपनीने उत्तर दिले नाही, तर तेही तसेच छापावे.

कळावे,
आपला नम्र,
एक घड्याळदुरुस्ती कारागीर